तुमचा रिमोट चांगला होता

सर,

आज ड्युटीवरून आले, कुकर लावला आणि लॅपटॉप उघडला. तीन शिट्ट्या होईपर्यंत माझं विमान दोनदा पडलं, एकदा झाडात आणि एकदा सरळ माझ्या पायाशी. पडलं की कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं. विमान पुन्हा धावपट्टीवर उभं, काही झालंच नाही अशा थाटात. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं. फुटलेला पंख पुन्हा जोडायला आठवडा लागतो म्हणून तर माणूस रिमोटवरची दांडी जपून हलवतो, असं काहीतरी म्हणाला असतात. हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, इंटरनेटवरून कोणालाही उतरवून घेता येतं. रिमोटवरची छोटी विमानं खरोखर उडवण्याआधी लोक यावर हात बसवतात. रिमोट वायरीनं लॅपटॉपला जोडायचा आणि दांड्या हलवायच्या. पडद्यावर हिरवंगार मैदान असतं, कडेला कुठल्यातरी थंड देशातली झाडं, आणि मधोमध आपण उभे. गाय नाही, शेळी नाही, 'हे काय होय बाई' म्हणून विचारायला येणारं कोणी नाही.

आतून नवरा विचारतो, "पडलं?" मी म्हणते, पडलं. "मंग आता काऊन उडवून राह्यली? झालं ना तुयं काम?" त्याचं बरोबर आहे. ज्याच्यासाठी चार महिने सराव केला तो दिवस मागच्या रविवारी होऊन गेला. तरी मी रोज संध्याकाळी बसते. एका जागी स्वस्थ बसवतच नाही हल्ली. लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली मलेरियाची स्लाइड असते आणि माझा अंगठा टेबलावर डावीकडे-उजवीकडे होत राहतो. परवा सोबतची टेक्निशियन म्हणाली, बाई, बीपी दाखवून घ्या. रविवारचं तुम्हाला सांगायचं आहे, पण सरळ तिथे जाता येत नाही मला. आधी जुनं सांगते. त्यातलं निम्मं तुम्हाला माहीत आहे, आणि उरलेलं निम्मं मीच लपवलं.

मी नववीत होते. भद्रावतीला कॉलनीच्या शाळेत तुम्ही गणित शिकवायचात आणि रविवारी सकाळी आम्हा पाच-सहा जणांना घेऊन खाणीकडच्या रस्त्यावरच्या पडीक रानात जायचात. पाच पोरं आणि मी. विमान तुम्ही स्वतः बनवलेलं. पंखाच्या पोटात बुरडाकडून आणलेल्या बांबूची कामटी, वर पातळ लाकूड, त्यावर ताणून बसवलेला लाल कागद. मिस्त्रीकाम करताना तुमची जीभ दातात यायची, ते बघून आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसायचो. रिमोट तेव्हा लांब अँटेनाचा होता, कोणीतरी परदेशातून आणून दिलेला, आणि तुम्ही तो टॉवेलात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचात. आधी कितीतरी महिने तुम्ही कोणालाच हात लावू दिला नाही. फळ्यावर शिकवलं. विमान आपल्यापासून लांब जात असतं तेव्हा त्याचा उजवा तो आपला उजवा. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलटं. आपण दांडी उजवीकडे दाबावी आणि त्यानं आपल्या डावीकडे झुकावं. सगळे नवशिके तिथेच विमान पाडतात. "तवा विचार कराचा नाई," तुम्ही म्हणायचात, "जो पंख खाली पडून राह्यला, त्याच्याकडे दांडी न्याची. पडत्याले टेकू द्याचा, बस." वर्गात प्रमाण भाषा आणि रानात ही, असे दोन सर होते आमचे.

मग एका रविवारी तुम्ही रिमोट माझ्या हातात दिला. सगळ्यात आधी माझ्या. मागून एक पोरगा बोललाच, "पोरीच्या हाती देल्लं सरनं, आता झालं कल्याण." तुम्ही मागे वळून फक्त पाहिलंत आणि तो दोन पावलं मागे सरकला. विमान वर गेलं, लांब गेलं, वळलं. माझ्याकडे यायला लागलं आणि माझ्या उजव्या हाताचा पंख खाली झुकला. मला टेकू आठवला, सर. शब्दन् शब्द आठवला. आणि तरी माझा अंगठा डावीकडे गेला. पंख आणखी खाली. मला कळलं की चुकलं. दांडी फिरवायला वेळ होता, अजून दोन श्वास घेता आले असते एवढा वेळ होता. पण मी चुकीच्याच बाजूला आणखी जोरात दाबत राहिले, जणू जोर कमी पडला म्हणूनच विमान ऐकत नव्हतं. ते बाभळीच्या अलीकडे नाकावर आपटलं. लाल कागद फाटल्याचा आवाज इतक्या लांबून ऐकू आला.

तुम्ही काही विचारायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं, "रिमोट चालतच नव्हता सर. दाबलं तरी काईच होत नव्हतं."

ते मी का बोलले, हे चाळीशी ओलांडल्यावरही स्वतःला नीट सांगता येत नाही. मागे पाच पोरं उभी होती, हे एक. 'चुकले' म्हटलं असतं तर चूक माझी राहिली नसती, पोरीच्या जातीची झाली असती. तुम्ही माझ्यावर ठेवलेला भरवसा मोडलेल्या लाकडाच्या शेजारी पडलेला मला बघवत नव्हता, हेही आहे. पण ही सगळी नंतर शोधलेली कारणं. त्या वेळी फक्त तोंड उघडलं आणि खोटं बाहेर आलं. तुम्ही लगेच मान डोलावलीत. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालात, "मंग तू काऊन रडून राह्यली? तुया दोष नाई. बिघाड शोधू आपण."

आणि तुम्ही खरंच शोधायला लागलात. गणित अर्धवट टाकून पान उलटायचं नाही, हा तुमचा नियम. तुमच्या घरचं जेवायचं टेबल रिमोटच्या सुट्या भागांनी भरून गेलं आणि काकू खाली पाट मांडून वाढायला लागल्या. रविवारी आपण दोघंच रानात जायचो. विमान नव्हतं, फक्त त्याच्यातला रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा इशारा पकडणारा डबा, आणि त्याला जोडलेली, विमान वळवणारी छोटी मोटर. तो डबा हातात घेऊन मी साठ पावलं लांब उभी राहायची. तुम्ही इशारा मुद्दाम कमजोर करायला अँटेना मिटवून दांडी हलवायचात. मोटरचा दांडा हलला की मी हात वर करायचा. मी दर वेळी हात वर करत होते, सर. तो एकदाही चुकत नव्हता. पहिला रविवार, दुसरा, तिसरा. तिसऱ्या रविवारी तुम्ही सायकलला टेकून बसलात आणि कपाळ चोळत म्हणालात, "सगळं बरोबर येऊन राह्यलं. मंग गडबड कुठी हाय?" तुमची नजर माझ्याकडे वळली. संशयानं नाही, नुसतीच. पुढच्या फेरीत मी एकदा मुद्दाम हात वर केला नाही. ओरडले, "सर, आता अडखळला!" तुमचा चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरू शकले नाही. तुम्ही धावत आलात. "किती वेळ? कोणत्या बाजूले? सांग, सांग." पहिलं खोटं घाबरून निघालं होतं, त्याला मी एकवेळ माफी देईन. हे दुसरं मी विचार करून बोलले.

त्यानंतर तुम्ही नवं विमान बनवलंत, आधीच्यापेक्षा मोठं आणि देखणं. ते तयार झालं आणि पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी हुकाला टांगलं गेलं. का उडवत नाही विचारलं की म्हणायचात, आधी बिघाड सापडू दे, असल्या रिमोटवर नाई टाकत मी हे. दुसरा रिमोट आणायला तुम्ही तयार नव्हतात. शोध चालू ठेवलात. मी शाळा सोडली, नागपूरला लॅबचा कोर्स करायला गेले, आणि तुम्ही गेल्याचा निरोप मला हॉस्टेलवर आला. एसटीनं येऊन पोचले तेव्हा विमान हुकालाच होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी काकू लोकांना सांगत होत्या, "रिमोटनं धोका देल्ला त्यायले. नाई तं उडवलंच असतं." मी बायकांच्या ताटात भात वाढत होते. मी वाढतच राहिले.

आता पुढचं. या पावसाळ्यात काकूंचा फोन आला. गुडघे गेलेत, लेक हैदराबादला घेऊन चालली आहे, भद्रावतीचं घर रिकामं करायचं आहे. "बाकी सामान कोणी बी नेईन वं," त्या म्हणाल्या, "पण हे विमान? माह्या डोळ्यानं एकडाव उडलेलं पाहू दे मले. मंग तू घेऊन जाय. तुले शिकवलं होतं ना त्यायनं." मी हो म्हटलं. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण त्या रिमोटवर नको हां. तो खराब हाय."

आणायला गेले तेव्हा रिमोट त्याच टॉवेलात होता. वर तुमच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली. 'बिघाड सापडला नाही. शोध चालू.' अक्षर फळ्यावरच्यासारखंच, रेघेवर उभं.

मी बसमध्येच ठरवलं. विमान तुमच्याच रिमोटवर उडवायचं. उतरलं की काकूंसमोर रिमोट धरायचा आणि सांगायचं, यात काही बिघाड नव्हता, कधीच नव्हता, मी खोटं बोलले होते. त्या जाण्याआधी हे व्हायला हवं होतं. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही ही, आणि हैदराबादला कोण जातंय. पण त्यासाठी आधी विमान नीट उडायला हवं. ते पडलं असतं तर तुमचा रिमोट दुसऱ्यांदा बदनाम झाला असता, आणि माझं कोणी ऐकलंही नसतं. माझा तर नववीनंतर दांडीला हात लागलेला नाही. आम्ही राहतो त्या गडचिरोलीत सराव कुठे करणार? इथे आभाळात काही फिरताना दिसलं की आधी पोलिसांची चौकशी येते, मग गर्दी. म्हणून हे फुकटचं सॉफ्टवेअर. त्याला जोडायला एक नवा रिमोट घेतला, बिनअँटेनाचा, खेळण्यासारखा हलका; खोक्यात त्याचा स्वतःचा रिसीव्हरही होता. पहिले पंधरा दिवस विमान माझ्याकडे वळलं की पडलंच. तीच जागा, तोच पंख, तोच अंगठा चुकीच्या बाजूला. इतकी वर्षं गेली, पोरं झाली, केस पिकले, आणि अंगठा अजून नववीत! मी बटण दाबायची, पुन्हा पडायचं, पुन्हा दाबायची. नवऱ्यानं चहा आणून ठेवला की सायीचा थर येईपर्यंत तसाच राहायचा. मग हळूहळू बसलं. पंख खाली गेला की अंगठा त्याच्याकडे आपणहून जायला लागला. विचार न करता, तुम्ही म्हणायचात तसा.

तुमच्या रिमोटमध्ये नवे सेल घातले. नवऱ्याला रिसीव्हर घेऊन आमच्या क्वार्टरच्या पार टोकाला पाठवलं आणि मी दारातून दांडी हलवली. तो ओरडला, "हलते!" पुन्हा हलवली. "हलते! कुठी खराब हाय हा? मस्त तं चालून राह्यला!" शेजारची वहिनी बाहेर येऊन बघायला लागली. मी आत आले आणि नळ सोडून तोंड धुतलं.

शनिवारी काकू आमच्याकडे मुक्कामाला आल्या. मी त्यांना पडद्यावरचं विमान दाखवलं. "हे तं टीव्हीतलं होय," म्हणाल्या, पण रिमोट मागून घेतला. विमान तीन वेळा शेपटीवर नाचलं आणि मैदानाबाहेर जाऊन पडलं. काकू पोट धरून हसल्या. "मले वाटे, सोपं काम हाय. त्यायले उगाच बोलत होती मी, का दिवसभर दांड्या हालवता म्हणून." मग पाय दाबून घेताना म्हणाल्या, "तुयावर लय जीव होता. लोकं म्हणत, पोरीनं पाडलं. ते भांडत लोकाइशी. पोरीचा दोष नाई म्हणत, मशीनचा हाय." त्याच वेळी बोलायला हवं होतं. माझे हात त्यांच्या पोटरीवर होते, घरात तिसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, काकू, तेल गरम करून आणते.

झोपायच्या आधी विमानात तुमचा रिसीव्हर बसवला. चार पिना, चटकन बसतात. उद्या उतरल्यावर सांगू, असं स्वतःला बजावलं.

सकाळी चामोर्शीच्या अलीकडे एका गावात गेलो. आमच्या दवाखान्यातल्या नर्सच्या भावाची तिथे शेती आहे, त्यानं पोलीस पाटलाला आधीच सांगून ठेवलं होतं. धान कापून झालेलं, दोन्ही बाजूंना रिकाम्या बांध्या, बांध घातलेली खाचरं, आणि मधून सरळ मुरमाचा रस्ता. बांध्यांच्या पलीकडे जंगल सुरू होतं. पाच मिनिटांत अर्धं गाव जमा. एक म्हातारेबुवा विमानाभोवती फेरी मारून म्हणाले, "हे वाघ पाहाचं यंत्र होय का बाई?" मी नाही म्हटलं. "पाहून तं पाहा. माही शेळी नेली त्यानं परवा. त्या बाजूले अशीन." लोक हसले, म्हातारेबुवा हसले नाहीत. काकूंना नर्सच्या भावानं खुर्ची आणून दिली. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. चहा आला. काकू चहा पीत होत्या, लोक त्यांना तुमच्याबद्दल विचारत होते, आणि मी गाडीच्या मागे विमान घेऊन वाकले होते.

पंख उचलला. तुमच्या रिसीव्हरच्या चार पिना काढल्या. नव्या रिमोटचा रिसीव्हर बसवला.

जुना रिमोट आहे, सेल दगा देतील, लोक जमलेत, कोणाच्या डोक्यात पडलं तर? ही कारणं मी तिथल्या तिथे स्वतःला दिली आणि ती खोटीही नाहीत. पण मला माहीत होतं मी काय करते आहे. तुमचा रिमोट मी पुन्हा टॉवेलात गुंडाळला आणि सीटखाली सरकवला.

विमान उडालं, सर. काय उडालं! मुरमावर चार उड्या मारल्या आणि सुटलंच. तुम्ही पंखाला जो किंचित वर उचललेला कोन दिला होता, त्यानं ते आपोआप सावरत होतं. जंगलाच्या कडेपर्यंत गेलं, वळलं, लाल पोट उन्हात दिसलं. मग ते माझ्याकडे यायला लागलं आणि उजव्या हाताचा पंख झुकला. अंगठा तिकडे गेला. टेकू बसला. विमान सरळ झालं आणि लोकांच्या डोक्यांवरून सूं करत गेलं, पोरं किंचाळली, म्हातारेबुवांनी टोपी धरली. मला इतका आनंद कशाचाच झाला नाही कधी. दोन फेऱ्या झाल्या, तिसरीला रस्त्यावर उतरवलं. थोडं उसळलं, पण उलटलं नाही.

काकू खुर्चीवरून उठून आल्या, गुडघ्यांचं भान नाही, डोळे भरलेले. विमानावरून हात फिरवला, मग माझ्या हातातल्या नव्या रिमोटवरून. आणि सगळ्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पाह्यलं? रिमोट चांगला असला का कसं उडते! त्यायच्या हातात दोष नव्हता, पोरीच्या हातात नव्हता. त्या डबड्यातच होता. आज सिद्ध झालं." त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला आणि तिलाही हेच सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "होय का नाई वं?"

मी हो म्हटलं.

जितकं छान उडवलं तितकं माझं खोटं पक्कं झालं. चार महिने मी त्याचाच सराव केला, असं आता वाटतं. पडलं असतं तर निदान कोणीतरी विचारलं असतं, का पडलं. तुम्ही विचारलं असतं.

काकू बुधवारी गेल्या. जाताना म्हणाल्या, ते डबडं भंगारात टाक. मी टाकलेलं नाही. कुकर केव्हाच थंड झाला, पडद्यावर विमान उभं आहे, नवरा ताटं घेतो आहे.

हे पत्र तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही. काकू वाचतील. त्यांचा हैदराबादचा पत्ता त्यांनी मला स्वतःच्या हातानं लिहून दिला आहे.